पालकांच्या रोजच्या बोलण्यावरची ऑनलाइन कार्यशाळा : माझा अनुभव

मुलांशी आपण दिवसभर काय बोलतो, एवढ्याच विषयावरची ही कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. घरात लहान मूल असेल तर जरूर करा.

सगळ्यात मोलाचा होता तो गृहपाठ. घरातल्यांना सांगून संध्याकाळचा एक तास फोनवर रेकॉर्ड करायचा आणि नंतर शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचा. मुलीला समोर बसवून मी जे समजावते, त्यातलं एकही वाक्य त्या तासात नव्हतं. होतं ते "दार हळू लाव", "बघू नंतर", "हात धुतलेस?" जॅकेटची चेन अडकली म्हणून ती ओढाताण करत होती, तेव्हा मी म्हणाले होते, "जोर नको लावूस, कुठे अडकलंय ते बघ." हे माझ्या बाबांचं वाक्य. कुलूप उघडेना, दोऱ्याचा गुंता सुटेना, गणित अडलं, की ते हेच म्हणायचे. आजही ऑफिसात काम अडलं की ते मला त्यांच्याच सुरात ऐकू येतं. त्याच रेकॉर्डिंगमध्ये थोड्या वेळाने मुलगी खेळण्याचं झाकण उघडताना एकटीच पुटपुटतेय, "कुठे अडकलंय बघू." तो तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला.

पुढच्या सत्रात कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाची मांडणी सांगितली. लहान मुलं काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात. वय वाढतं तसं ते बोलणं आत जातं आणि विचार करण्याचं साधन होतं. मुलीची पुटपुट ताजी असल्यामुळे मला हे लगेच पटलं.

कौतुकावरचं सत्रही चांगलं होतं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत "हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर हिरमुसली, तर मेहनतीचं कौतुक झालेली अधिक चिकाटीने टिकली. मात्र त्यानंतर "हे बोला, हे बोलू नका" अशी यादी हातात दिली, ती मला आवडली नाही. पाठ केलेलं वाक्य मुलांना लगेच कळतं.

शेवटचं सत्र मात्र घाईत उरकलं. लहानपणी ऐकलेलं आणि अजून सलणारं वाक्य सगळ्यांसमोर सांगायचं होतं. "तुझ्याच्याने होणार नाही" हे सांगताना एका ताईंचा गळा दाटून आला आणि तेवढ्यात वेळ संपली. असं कुणाला बोलतं केलं तर नंतर त्यांच्याशी बोलायला समुपदेशक हवा. नाव नोंदवताना ही सोय आहे का, ते आधी विचारा.

शक्य असेल तर दोघांनी मिळून करा, पण उतारे वेगवेगळे लिहा. काही सांडलं की नवरा "असू दे, पुसून टाकू" म्हणतो, हे माझ्या उताऱ्यात तीनदा आलंय आणि त्याच्या उताऱ्यात एकदाही नाही. सासूबाई अगदी हेच म्हणतात.