ट्यूब अ‍ॅम्प वापरून ९ महिने झाले : टोन कुठून येतो, याचा माझा अनुभव

गेल्या दिवाळीत इलेक्ट्रिक गिटारसाठी १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घेतला. १२ इंची स्पीकर, आत आवाजाला ताकद देणाऱ्या, काचेच्या ईएल८४ जातीच्या दोन पॉवर ट्यूब, वजन साधारण १४ किलो. बरोबर आधीचीच स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार, एक इबानेझ ट्यूब स्क्रीमर टीएस९ (आवाज फाडणारं, पायाने चालवायचं पेडल) आणि ६ मीटरची केबल. ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज संध्याकाळी तासभर आणि दर रविवारी चौघांच्या बँडबरोबर भाड्याच्या खोलीत तीन तास, असा याचा वापर झाला. घेतल्या घेतल्या लिहायला बसलो असतो तर रागानेच लिहिलं असतं, कारण पहिला दीड महिना मी पुरता नाराज होतो.

दुकानात व्हॉल्यूम ६ वर ठेवून वाजवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी तोच नॉब २ च्या पुढे नेता येईना. आणि २ वर तो सगळा घुमारा गायब, उरला फक्त किरटा आवाज. यात अ‍ॅम्पचा दोष थोडा आणि कानाचा जास्त, हे नंतर कळलं. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, अगदी वरचंही थोडं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. म्हणजे घरी जे सेटिंग गोड लागतं ते रविवारी मोठ्या आवाजात बोजड लागणार आणि रविवारचं सेटिंग घरी उपाशी वाटणार. मी आता दोन्ही सेटिंग वहीत वेगवेगळी लिहून ठेवली आहेत.

‘घरासाठी ५ वॅटचा घ्यायचा होतास’ असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. १५ चे ५ केले की आवाज एक तृतीयांश होतो, असं वाटतं. प्रत्यक्षात फरक पडतो जेमतेम ५ डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. ५ वॅटचा अ‍ॅम्पही १० वर नेला तर शेजारच्या काकू दार वाजवणारच. त्यामुळे वॅटच्या आकड्यावर रात्री जागवू नका. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा कमी करायचा नॉब, आहे का आणि तो लहान आवाजातही नीट चालतो का, हे पाहा.

पहिली खरी अक्कल आली ती रविवारच्या खोलीत. अ‍ॅम्प जमिनीवर, मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभा, ट्रेबल ७ वर, आणि मला वाटतंय की छान मऊ नाद आहे. समोर बसलेला आमचा गायक म्हणाला, ‘अरे, कानात सुई टोचतेय.’ मी गिटार वाजवत वाजवत त्याच्या जागेवर गेलो आणि गुडघ्यावर बसलो. त्याचं खरं होतं. १२ इंची स्पीकरमधून वरच्या पट्टीतला आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. तो झोत माझ्या गुडघ्यांवर पडत होता आणि माझ्या कानापर्यंत खोलीत पसरलेला उरलासुरला आवाज येत होता. तो ऐकून मी ट्रेबल वाढवत बसलो होतो. आता अ‍ॅम्प लाकडी स्टुलावर, जरा मागे कललेला असतो आणि ट्रेबल ४ वर. जमिनीवरून उचलल्यामुळे खर्जातला गढूळपणाही कमी झाला. या बदलाला एक पैसा लागला नाही, आणि नऊ महिन्यांत याच्याइतका मोठा फरक मी विकत घेतलेल्या एकाही वस्तूने पडला नाही.

जानेवारीत मी फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करायला लागलो. इथून पुढचं सगळं त्या रेकॉर्डिंगमुळे सुचलेलं आहे. आधी माझ्याकडे एक स्वस्तातला सरावाचा अ‍ॅम्प होता. त्याच्यावर गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) भरपूर ठेवून मी तीन वर्षं वाजवलं. गेन जास्त असला की हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं एकाच उंचीला येतं, कारण वरचा भाग कापला जातो आणि खालचा वर उचलला जातो. त्यात हाताचा सगळा खडबडीतपणा झाकला जायचा. ट्यूब अ‍ॅम्पवर गेन कमी ठेवल्यावर झाकायला काहीच उरलं नाही. प्रत्येक सुराच्या आधी एक ‘टक’ ऐकू येत होतं. आधी टक, मग सूर. दहा सेकंदांच्या तुकड्यात मी ते मोजलं, ३१ वेळा.

ती टक पिकची, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीची होती. मी पिक तारेला अगदी समांतर धरत होतो, अर्धा पिक तारेच्या खाली जात होता आणि मनगट ताठ होतं. बाबा घरी भजनं गातात. एकदा ते बाजूला बसून ऐकत होते आणि म्हणाले, ‘हात जड पडतोय. तंबोऱ्यावर बोट कसं घासून सुटतं बघ. तार उचलून सोडू नकोस.’ मी त्यांचा तंबोरा मांडीवर घेतला आणि अर्धा तास फक्त तारा सोडत बसलो. बोटाच्या कडेने, ओढ न देता तार सुटली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप वर येतो. बोट जरा जोरात पडलं की तो गंधार ऐकू येण्याआधी धप् असा आवाज येतो आणि पुढचं सगळं त्याच्याखाली दबतं. गिटारवर माझं नेमकं हेच होत होतं.

मग पिक बदलला: ०.६० मिमीचा लवचीक पिक सोडून १.१४ मिमीचा घेतला. जाड पिकने आवाज कठीण होईल अशी माझी समजूत होती, पण झालं उलट. पातळ पिक आधी वाकतो, मग फटकन सुटतो आणि त्या सुटण्याचाही एक आवाज येतो. जाड पिक तिरका धरला, त्याचं जेमतेम २ मिमी टोक बाहेर ठेवलं आणि हात हलका केला, तर टक जवळजवळ नाहीशी झाली. अट एकच: हात हलका केलात तर अ‍ॅम्प थोडा मोठा करावा लागतो. रोजच्या वाजवण्यात मी आता अर्ध्याहून कमी जोर लावतो. त्यामुळे एखाद्या सुरावर खरोखर जोर द्यावासा वाटला तर द्यायला हातात काहीतरी शिल्लक असतं. आणि तेव्हा ट्यूब अ‍ॅम्प जे करतो ते ऐकण्यासाठीच तो घ्यावा. हलक्या हाताने स्वच्छ असलेला सूर जोर दिल्यावर कडेने जरासा फाटतो, त्याला खरखरीत अस्तर लागतं आणि आस लांबते. हे सगळं एकाच ओळीत, नॉबला हात न लावता.

उजवा हात कुठे पडतो यानेही तितकाच फरक पडतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, छेडलं की आवाज टोकदार आणि धातूचा, मानेकडे सरकलं की गोलाई येते. पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) निवडायचा स्विच बदलण्याआधी मी आता हात चार बोटं सरकवून पाहतो. स्विचवरून आठवलं, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिचा स्विच तीन जागांचा होता. वाजवणाऱ्यांनी तो मधल्यामध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायला सुरुवात केली आणि तो पोकळ, जरा नाकातला आवाज लोकांना इतका आवडला की १९७७ पासून फेंडरने पाच जागांचाच स्विच द्यायला सुरुवात केली. मला स्वतःला चौथी जागा फार प्रिय आहे, मान आणि मधला पिकअप मिळून.

व्हॉल्यूमचा नॉब ही या नऊ महिन्यांतली दुसरी मोठी शिकवण. आधी माझा नॉब कायम १० वर असायचा. ब्रिटिश गिटारवादक जेफ बेकची प्रत्यक्ष कार्यक्रमांची चित्रणं पाहिली तर त्याची करंगळी त्या नॉबवरून जवळजवळ हलत नाही. १९८० च्या दशकात त्याने पिक बहुतेक सोडून दिला, अंगठ्याने आणि बोटांनी छेडायचा, करंगळीने आवाज आत-बाहेर करायचा. मी प्रयत्न केला तर वेगळीच अडचण: नॉब ५ वर आणला की आवाज कमी होण्याबरोबर मंदही व्हायचा, घोंगडं पांघरल्यासारखा. कारण केबलमध्ये आहे. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) असतो, म्हणजे माझ्या ६ मीटरला ६०० च्या आसपास. नॉब खाली आणला की त्याच्या पॉटचा (नॉबखालच्या बदलत्या रोधकाचा) रोध आणि केबलचा हा कपॅसिटन्स मिळून वरच्या पट्टीतला आवाज जमिनीत घालवतात. ओळखीच्या एका मेकॅनिककडून पॉटवर १ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रझिस्टर समांतर सोल्डर करून घेतला आणि घरासाठी ३ मीटरची केबल घेतली. आता ५ वर आवाज लहान होतो, पण चेहरा तोच राहतो. गाण्याच्या अंतऱ्यात ५, मुखड्यात ७, सोलोला १०. पेडलवर पाय टाकायची गरजच बऱ्याचदा पडत नाही.

तरी ट्यूब स्क्रीमर ठेवलंय, आणि ठेवणार. घरी एकट्याने वाजवताना ते मला नकोसं वाटायचं, कारण ते खर्ज कापतं आणि मधली पट्टी फुगवते. बँडमध्ये बास आणि ड्रमचा किक तोच खर्ज व्यापून बसलेले असतात, तिथे गिटारला जागा मिळते ती मधेच. घरी मधला भाग कमी करून, खर्ज आणि ट्रेबल वाढवून जो भव्य आवाज मिळतो, तो रविवारी ड्रम सुरू झाल्याबरोबर बुडतो. मी ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल ८ वर ठेवतो, म्हणजे पेडल स्वतः फारसं फाटत नाही, अ‍ॅम्पला मागून ढकलतं. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉननेही हे पेडल वापरलं, पण त्याच्या गिटारवर पहिली तार ०.०१३ इंचांची होती आणि गिटार अर्धा सूर उतरवलेली. ते पेडल घेऊन त्याच्यासारखा आवाज येत नाही म्हणून नाराज होणाऱ्यांनी आधी तसल्या तारांवर एक सूर ओढून पाहावा. मी ०.००९ वरून ०.०१० वर आलो तर पंधरा दिवस बोटं हुळहुळत होती. पण मींड घेताना तार आता हाताखाली पळत नाही, आणि हलक्या हातालाही उत्तर देते.

आता त्रासाचं. सिंगल कॉइल पिकअप घुमतात, ते अपेक्षितच. पण माझ्या खोलीत घूं घूं च्या जागी चिरचिर यायची. आठवडाभर मी अर्थिंगला दोष देत होतो. एकदा पंखा बंद केला आणि ती थांबली. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज तुकड्यातुकड्यांत कापतो, त्याचा उपद्रव थेट पिकअपमध्ये शिरत होता. रेग्युलेटर बदलला, प्रश्न संपला. मार्चमध्ये अ‍ॅम्पमधून प्रत्येक सुरामागे भांड्यासारखा किणकिणाट यायला लागला. अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीने एकेक लहान ट्यूब अलगद टिचकारली, पहिली १२एएक्स७ घंटेसारखी वाजली. ती बदलली, दोन हजारांच्या आत काम झालं. जुलैत गिटारची मान पाणी पिऊन वाकली, तारा उंच झाल्या. ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) पाव फेरा फिरवावा लागला. तारांना पावसाळ्यात तीन आठवड्यांत गंज धरतो, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसल्या तर पाच आठवडे निघतात. आणि १४ किलो दोन मजले चढवणं दर रविवारी जीवावर येतं.

पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका, एवढं जाता जाता. मी आवाज वाढेल म्हणून वर घेतले तर जाड तारेचा सूर डुगडुगायला लागला, कारण चुंबक तारेला ओढून धरतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली अडीच मिमी जागा सोडली, तेव्हा सूर पुन्हा स्थिर झाला.

मग असा अ‍ॅम्प घ्यावा का? तुम्ही फक्त इअरफोनवर वाजवणार असाल तर नको. खोलीत हवा हलवायची सोय आणि आठवड्यातून एकदा तरी मोठ्याने वाजवायची जागा असेल तर जरूर घ्या, कोणत्याही कंपनीचा. दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचा पिक घेऊन जा. गेन असा लावा की हलक्या हाताने सूर स्वच्छ येईल आणि जोराने फाटेल. मग नॉबला हात न लावता एकच सूर दहा वेळा छेडा, दर वेळी थोडा अधिक जोर लावून. दहा वेळा दहा वेगळे आवाज ऐकू आले तर तो अ‍ॅम्प तुमचा हात ऐकतोय. सगळे एकाच जाडीचे आले तर पुढच्या अ‍ॅम्पला केबल लावा, दुकानदार कितीही घाई करू दे.