गटाच्या कागदांना टॅबवर कुलूप: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून आत. मी बचत गटाचे हिशेब लिहिते. कर्जाच्या फाईलसाठी बारा जणींचे आधार, पासबुकं आणि सातबारे माझ्या टॅबवर घेतले होते. तोच टॅब घरी पोरं अभ्यासाला घेतात, दीर सोयाबीनचे भाव पाहतात. एका बैठकीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय वो बाई, माह्या आधारचा कागद तुह्या टॅबात कोणालेबी दिसते काय?" दिसत होता. त्याच रात्री कुलूप लावायला बसले.

डाउनलोड केलेलं ई-आधार पासवर्ड मागतं, म्हणून त्याच्याबाबत मी निर्धास्त होते. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. गावात एकमेकींचं एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. फाईल भलत्याच्या हाती लागली तर ते कुलूप नसल्यासारखंच. म्हणून जिथं पूर्ण नंबर लागत नाही तिथं मी आता मास्क्ड आधार देते. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

बाकीच्या पीडीएफला एकेक पासवर्ड लावला. लावणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. मी 'कापूस' आणि पुढे चार आकडे असा पासवर्ड ठेवला आणि डायरीत मराठीत लिहून ठेवला. दोन महिन्यांनी बैठकीच्या दिवशी हिशेबाची फाईल उघडेना. टाकताना तर इंग्रजी अक्षरं टाकली होती, पण कापूस एका यूनं लिहिला होता की दोन ओनं? पहिलं अक्षर मोठं होतं का? बायका सतरंजीवर बसून होत्या, मजुरीचा वेळ मोडून आलेल्या. वीस मिनिटांनी फाईल उघडली. पीडीएफचा असा पासवर्ड विसरला तर 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नसतं, कोणी ओटीपी पाठवत नाही. आता पासवर्ड जसा टाकायचा तसाच, इंग्रजी अक्षरांत, कागदावर लिहून पाकिटात बंद केलाय. पाकीट गटाच्या पेटीत, चावी अध्यक्ष ताईंकडे. उद्या मी आजारी पडले तरी गटाचं काम अडू नये.

सातबाऱ्याची गोष्ट मात्र जिवाला लागली. १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा मी इतर फाईलींसारखाच पासवर्ड लावून सेव्ह केला. ज्या कार्यालयात पाठवला तिथून निरोप आला, सही पडताळता येत नाही. नंतर कळलं की सही झाल्यावर फाईलमध्ये फेरफार करून ती पुन्हा सेव्ह केली की सही तुटते, आणि पासवर्ड लावणं हाही फेरफारच. त्या ताईंचं कर्ज आठवडाभर लांबलं, पेरणीच्या तोंडावर. डिजिटल सहीच्या मूळ फाईलला हात लावू नका. ती आहे तशीच कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा.

असं फोल्डर 'फाइल्स बाय गूगल' या अ‍ॅपमध्ये आहे, सेफ फोल्डर नावाचं. पिन टाकल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि आत स्क्रीनशॉटही निघत नाही. रोजच्या वापराला मला हेच बरं वाटलं, एकेक फाईल उघडत बसावं लागत नाही. पण पिन विसरला तर तोही परत मिळत नाही, म्हणून प्रत्येक कागदाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो त्याच पेटीत ठेवलाय. सोबत सेटिंग्जमध्ये पोरांसाठी वेगळा युजर करून दिला. आता त्यांच्या खेळाच्या धांदलीत गटाची फाईल उघडत नाही. ही सोय सगळ्याच टॅबवर नसते, नवा घेणार असाल तर दुकानातच बघून घ्या.

एवढं करूनही खरी गळती निघाली ती उरलेल्या प्रतींची. कुलूप लावलेली फाईल आत, आणि बिनकुलपाची मूळ फाईल डाउनलोडमध्ये तशीच पडलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत वेगळी, स्कॅनच्या अ‍ॅपमधली वेगळी, शिवाय गॅलरीतल्या कचऱ्याच्या डब्यात पुसलेले फोटो. काकूंच्या एकट्या आधारच्या मला चार प्रती सापडल्या! आता बैठक झाली की उठण्याआधी या जागा एकेक करून तपासते. आर्णीला प्रिंट काढायला गेले की कागद हातात आल्यावर दुकानातल्या कॉम्प्युटरवरची फाईल समोरच पुसायला लावते, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदार भाऊ सुरुवातीला कुरकुर करायचे, आता न सांगताच पुसतात.