‘फर्स्ट क्वालिटी’ पितळी साचा घेताय? आधी माझे २१७ डॉलर ४० सेंट कसे गेले ते वाचा

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा १६५ डॉलर, तो धरायचं हँडल ४८, पोस्टेज १२ डॉलर ४० सेंट. बेरीज २२५.४०. त्यावर विकणारा म्हणाला, ‘मित्राला पाठवतो तसे पैसे पाठवा, माझी फी वाचते, तुमचे आठ डॉलर कमी करतो.’ म्हणून २१७.४०. पुढचं तुम्हाला सांगायला नको, असले प्रकार सगळ्यांनी ऐकलेले असतात. मीही ऐकले होते. पण ज्याच्या नावाखाली चांगल्या शेऱ्यांची रांग लागलीय, जो फोनवर अर्धा तास शिशात मिसळायच्या कथील आणि अँटिमनीच्या प्रमाणावर बोलतो, त्याला चोर समजायचं कुठल्या तोंडाने? भामटे घाईत असतात म्हणतात. हा घाईत नव्हता. उलट मला म्हणाला, ‘सावकाश घ्या, पहिला साचा आहे तुमचा.’

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी भलताच अर्थ काढेल. मी अमेरिकेत राहतो. इथे स्वतःच्या वापरापुरत्या शिशाच्या गोळ्या ओतायला फेडरल कायद्याने परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा ‘दारूगोळा’ या व्याख्येतच मोडते. तेव्हा तिकडच्या कुणी हे वाचून हौसेने साचा मागवू नये.

मला ०.३५८ इंची, १५८ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साचा हवा होता, .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी. पहिला साचा म्हणून सगळे ली कंपनीचा दोन खणी, म्हणजे एकावेळी दोन गोळ्या निघणारा, ॲल्युमिनियमचा सुचवतात. स्वस्त, हलका, लवकर तापतो, गंजत नाही, हँडलही सोबत येतं. लायमन कंपनीचा लोखंडी घेतला तर टिकतो, पण तेल पुसायला विसरलात की गंज, आणि हँडल वेगळं. पितळी साचा जड आणि महाग, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. मी म्हटलं, पुन्हा पुन्हा खर्च कशाला, एकदाच चांगला चार खणी पितळी घेऊ. यात काय चुकलं? आजही मला तो विचार बरोबरच वाटतो.

आता तो फोटो. त्या फोटोवर माझा इतका राग आहे की फोनमधून अजून पुसलेला नाही. साचा उघडा, दोन्ही अर्धे शेजारी ठेवलेले, आणि आतले पृष्ठभाग आरशासारखे. खरंच आरसा, विकणाऱ्याच्या अंगठ्याचं प्रतिबिंब दिसतंय त्यात. मी बायकोला दाखवला, ‘बघ, काय फिनिश आहे!’ चांगल्या साच्याच्या आतल्या सपाट भागावर खणांपासून कडेपर्यंत बारीक रेघा कोरलेल्या असतात. शिसं आत शिरताना हवा त्यातून बाहेर पडते. त्या नसतील तर हवा अडकते आणि गोळीच्या कडा गोल राहतात, धार येत नाही. या फोटोत एकही रेघ नव्हती. एकही! कुणीतरी पॉलिश पेपरवर घासघासून त्या उडवल्या होत्या, बहुधा पडून आलेले पोचे लपवायला. चकाकी हाच पुरावा होता आणि मी चकाकीवरच भाळलो. पण सांगा, पहिलाच साचा घेणाऱ्या माणसाने फोटोतल्या ‘नसलेल्या’ रेघा कशा ओळखायच्या? असलेली गोष्ट दिसते, नसलेली कोण शोधतो?

तरी मी अगदीच बावळट नव्हतो. मी त्याला म्हटलं होतं, ‘दोन्ही अर्धे बंद करून दिव्यासमोर धरा आणि फोटो पाठवा.’ सांध्यातून उजेड दिसला तर साचा नीट मिटत नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्याने काय पाठवलं? व्हिडिओ. वितळलेलं शिसं ओततोय, स्प्रू प्लेटवर (वरचं जादा शिसं कापणारी साच्याची पट्टी) लाकडी दांडा मारतोय, चार चकचकीत गोळ्या टॉवेलवर पडतायत. फारच देखणा व्हिडिओ. तो साचा हाच होता कशावरून? काही नाही. मागितला तोच फोटो घ्या. दुसरं काहीही पाठवलं, कितीही सुंदर, तर व्यवहार तिथेच मोडा.

माल मात्र वेळेवर आला. आणि इथून त्याचं खरं कसब सुरू झालं. साचा परत करायची मुदत ३० दिवस. नव्या साच्याची तयारी करावी लागते हे खरंच आहे: गरम पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, मग ॲसिटोन, कारण कारखान्याचं तेल राहिलं तर गोळ्यांवर सुरकुत्या पडतात. पितळाला दोन-तीनदा तापवून थंड होऊ द्यायचं म्हणजे रंग बसतो. स्प्रू प्लेटच्या स्क्रूला आणि जुळणीच्या पिनांना तेलाचा टिपूस, खणात अजिबात नाही. हे सगळं मी केलं. गोळ्या आल्या त्या गोल कडांच्या, अर्धवट भरलेल्या. त्याला कळवलं. ‘साचा थंड आहे.’ तापवला. ‘आता खणांत ज्योतीची काजळी धरून बघा.’ धरली. ‘शिशात जस्त असेल, चाकांची वजनं वापरलीत ना?’ (गाडीच्या चाकांना तोलासाठी लावतात ती; काही शिशाची, काही जस्ताची असतात.) जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, माझं भांडं ३७० च्या वर गेलेलंच नव्हतं, आणि वजनं मी एकेक निवडून घेतली होती. तरीही विकतचं तयार मिश्रण आणलं. तेच. प्रत्येक उत्तर बरोबर वाटणारं, कारण प्रत्येक उत्तर खऱ्याच साच्याला लागू पडणारं. तो मला शिकवत नव्हता, कॅलेंडर पुढे ढकलत होता!

शेवटचा सल्ला सगळ्यात नीच. ‘खण थोडे लॅप करा, घासायची पेस्ट लावून. मोकळे होतील.’ पेस्ट आणि इतर किडूकमिडूक १९ डॉलर ८५ सेंट. दोन खण घासले. मग पैसे परत मागितल्यावर उत्तर: ‘तुम्ही साच्यात फेरफार केलाय, परत घेता येणार नाही.’ वा रे बहाद्दर. नव्या साच्यात दोष दिसला तर त्याला कसलीही पेस्ट, फाइल, सँडपेपर लावायचा नाही, विकणाऱ्याने हात जोडून सांगितलं तरी नाही.

कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, मी तेव्हा लावला. खरं म्हणजे पहिल्याच गोळीला लावायला हवा होता, पण तो मनुष्य मला उष्णता आणि काजळीच्या मागे पळवत होता, मापाकडे बघायला उसंत कुठे? न घासलेल्या खणातली गोळी: सांध्याच्या रेषेवर एका बाजूने दुसरीकडे ०.३५८, त्याच्या आडव्या दिशेने ०.३५४. अंडाकृती. दोन्ही अर्ध्यांचे पृष्ठभाग घासून पातळ झाले की आडवं माप कमीच भरणार. बंदुकीच्या नळीच्या आतल्या खोबणीच्या मापापेक्षा ओतीव गोळी एक-दोन हजारांश इंच मोठी लागते. लहान गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. मोठी गोळी साइझिंग डायमधून (ठरावीक मापाच्या भोकातून) दाबून लहान करता येते, लहानाची मोठी होत नाही. म्हणजे साचा भंगार, पेपरवेट म्हणून बरा.

मग दारोदार फिरलो. ज्या ॲपवरून पैसे गेले त्यांनी सांगितलं, ‘हा मित्राला पाठवलेला पैसा आहे, खरेदी नाही.’ मी म्हटलं, माझा मित्र मला पावती देतो का? त्यांच्याकडे या प्रश्नाला रकाना नव्हता. बँकेने सांगितलं, ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.’ क्रेडिट कार्डाने माल घेतला असता तर बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रारीचा हक्क फेडरल कायद्यात आहे, पण हे मला कुणी सांगितलं? पैसे गेल्यावर, त्याच बँकेच्या बाईने, आवाजात साखर घोळून. पोलिस चौकीत तर कहरच. ‘गोळ्या’ शब्द ऐकला आणि अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. फसवणूक राहिली बाजूला, मीच काय बनवतो, किती बनवतो, कुणाला विकतो याची उलटतपासणी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! शेवटी म्हणाला, ‘माल तर मिळालाय ना? हा दिवाणी मामला आहे.’ ऑनलाइन सरकारी अर्जात दहा पानं भरली, तपशील, फोटो, मापं, सगळं. बदल्यात एक नंबर मिळाला. त्या नंबराचं काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. फोन केला तर मशिन सांगतं, प्रत्येक तक्रारीला उत्तर देता येत नाही. प्रत्येक सोडा हो, एकाला तरी द्या! २३७ डॉलर २५ सेंटसाठी वकील करा असं सुचवणारे महाभागही भेटले. वकिलाच्या पहिल्या तासात पितळी साच्यांची जोडी आली असती.

त्याच अंगठ्याचा फोटो आता दुसऱ्या नावाच्या खात्यावर आहे, किंमत १५५. डाव्या अंगठ्याच्या नखावर काळा डाग आहे, तो बघा. मी तिथे शेरा लिहिला तर तासाभरात गायब. आणि हँडल ‘कुठल्याही ब्लॉकला (साच्याच्या ठोकळ्याला) बसतं’ म्हणाला होता, तेही खोटं. स्क्रूची भोकं प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकतात, तेव्हा हँडल घेताना साच्याचं नाव आणि खणांची संख्या सांगूनच घ्या.