पहिलं आरसी विमान: हातभर पंखांचं की अडीच हातांचं?

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान, घ्यायचं ठरलं की नवशिक्याची नजर आधी जाते ती स्पिटफायर, मस्टँग अशा लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींवर. दिसतात देखणी, पण वेग जरा कमी झाला की एका अंगावर कलंडतात. शिकायला पंख वर बसवलेलं, सावकाश उडणारं विमान हवं. तेव्हा ती बाजूला ठेवा आणि दोनच विमानं समोर घ्या: व्होलँटेक्सचं स्पोर्ट कब ४०० आणि हॉबीझोनचं एरोस्काउट.

कबचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम हातभर. वजन १०० ग्रॅमच्या आत. इतक्या हलक्या विमानाच्या आपटण्यात जोरच नसतो. गवतावर पडलं तर बहुतेक वेळा उचलायचं आणि पुन्हा सोडायचं. शाळेचं मैदान याला पुरतं. अडचण वाऱ्याची. झाडाची पानं सळसळू लागली की ते वाऱ्याबरोबर वाहवत जातं. आणि जरा दूर गेलं की नाक कुठलं, शेपूट कुठली, कळेनासं होतं.

एरोस्काउटचे पंख सुमारे १.१ मीटर. आकाशात स्पष्ट दिसतं, मंद वारा सहज झेलतं. मला सगळ्यात आवडते ती त्याची रचना: मोटर आणि प्रॉप (विमान ढकलणारा फिरता पंखा) पंखांच्या मागे. नाक आधी जमिनीला लागतं, प्रॉप वाचतो. फोमचं नाक चेपलं तर त्यावर गरम पाणी ओता, फोम बराचसा पुन्हा फुगतो. चीर पडली तर ती चिकटवता येते. मात्र याला माळरान किंवा कापणी झालेलं मोठं शेत हवं. आणि बॅटरी जोडली की प्रॉपजवळ बोटं नेऊ नका, मोटर बंद असली तरी. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका.

जायरो, म्हणजे विमानाचा तोल सांभाळणारं उपकरण, दोन्हींत आहे. शिकाऊ मोडमध्ये रिमोटची स्टिक सोडली की विमान आपणहून सरळ होतं. पण विमान तुमच्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, आणि ती सवय जायरो लावून देत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: तुम्हाला ज्या बाजूचा पंख खाली झुकलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला ढकला. मला हे उशिरा कळलं, तोवर दोन पंख मोडले होते.

वजनामुळे आणखी एक फरक पडतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या गटात येतं. कब त्यात बसतं, एरोस्काउट त्याहून जड. पण कुठलंही घ्या, उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा बघा. पुण्यात लोहगाव आणि मुंबईत सांताक्रूझ विमानतळामुळे शहराचा मोठा भाग लाल-पिवळ्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता न येणाऱ्या पट्ट्यात येतो.

माझं मत विचाराल तर निवड मैदानावरून करा. दर रविवारी मोकळ्या माळावर जाता येत असेल, सोबत जाणतं कुणी असेल, तर बेलाशक एरोस्काउट. गल्लीजवळच्या मैदानावरच भागवायचं असेल तर कब, आणि तेही सूर्य उगवता उगवता, वारा सुटायच्या आत. कबची एक बॅटरी काही मिनिटांतच उतरते, म्हणून घेतानाच तीन-चार जास्तीच्या घ्या.