लिफ्ट बसवताना आम्हाला कसं फसवलं – यवतमाळ, वाशीम भागातल्यांनी पूर्ण वाचा

आजकाल आपल्याकडं तालुक्याच्या गावातच नाही तर खेड्यातल्या बांधकामातही लिफ्ट बसून राहिल्या आहेत. खाली दुकान नाहीतर गोडाऊन, वर दोन मजले, अन घरात म्हातारं माणूस असलं की लिफ्टचा विषय निघतेच. आमचं घर दारव्हा तालुक्यातलं, खाली मिस्टरांचं कृषी केंद्र, वर आम्ही राहतो, अन सासूबाईचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणून नागपूरच्या एका पार्टीकडून साडेआठ लाखात लिफ्ट घेतली. त्या पार्टीची माणसं अजूनही या भागात ऑर्डरी घेत फिरून राहिली आहेत, म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे.

कोटेशनमध्ये काय नव्हतं ते विचारा. नवीन मशीन, मोटारचा स्पीड सांभाळणारा व्हीव्हीव्हीएफ ड्राईव्ह, ऑटो डोअर, लाईट गेली तर एआरडी, केबिनचा स्पीड वाढला तर ती थांबवणारे ओव्हरस्पीड गव्हर्नर अन सेफ्टी गिअर, लिफ्टखालच्या खड्ड्यात धक्का झेलणारा बफर, अन सरकारी परवाना आम्हीच काढून देऊ. केबिन तर अशी चकाचक की पाहुणे खास पाहायला यायचे, स्टीलच्या भिंती, आरसा, पंखा, कितवा मजला आला ते बोलून सांगणारी बाई. शेवटचा हप्ता त्यांनी "परवाना आला" म्हणून शिक्का मारलेला कागद दाखवून नेला अन वरून तीन वर्षांच्या मेंटेनन्सचे पैसेही आधीच घेतले.

मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली अन सासूबाई दोन मजल्यांच्या मधात अडकल्या. एआरडी म्हणजे बॅटरीवर चालणारी सोय, लाईट गेली की ती केबिनला जवळच्या मजल्यावर नेते अन दरवाजा उघडते, आमच्याकडं काहीच झालं नाही. अशा वेळी मेन स्विच बंद करून, मशीनचा ब्रेक सोडून हातानं चाक फिरवत केबिन लेव्हलला आणावी लागते, पण ते कसं करायचं हे पार्टीनं घरात कोणालाच शिकवलं नव्हतं. पार्टीला फोन लावला तर "माणूस पाठवतो" म्हणे, मग फोनच बंद. शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियन भाऊनं कसंबसं बाहेर काढलं. सासूबाई घामानं निथळून गेलेल्या, बीपी वाढलेलं, सलाईन लावावं लागलं.

त्यानंतर यवतमाळहून एका मिस्त्रीला बोलावलं, तो दवाखान्यांच्या लिफ्टचं काम पाहते. त्यानं एकेक गोष्ट उघडून दाखवली अन मी मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढून ठेवले. एआरडीच्या डब्यात बॅटऱ्याच नव्हत्या, बाहेरून लाल लाईट दिसावा म्हणून एक इंडिकेटर मेन लाईनवर जोडून ठेवलेला. मशीनचा हिरवा रंग त्यानं नखानं खरवडला तर खाली जुना राखाडी रंग अन त्याच्याखाली गंज, अन नंबर असलेली प्लेट ग्राइंडरनं घासलेली. म्हणजे कुठल्यातरी पाडलेल्या बिल्डिंगची मशीन रंगवून आम्हाला नवीन म्हणून विकली. खड्ड्यात बफरच्या जागी जुना टायर.

पण खरी भीती पुढं आहे. वर गव्हर्नरची चाकी होती, तिच्यावर दोरही होता, पण त्या दोराचं टोक केबिनच्या फ्रेमला नुसतं बांधलेलं, कारण ज्या लिव्हरला ते जोडायचं असते ती लिव्हर अन सेफ्टी गिअर बसवलंच नव्हतं. याचं काम असं असते की केबिन ठरलेल्या स्पीडच्या वर गेली की गव्हर्नर अडकते, त्याचा दोर लिव्हर खेचते अन केबिनच्या दोन्ही बाजूच्या पाचरी गाईड रेलला घट्ट पकडून घेतात, वरचे सगळे रोप तुटले तरी केबिन जागेवर थांबते. मी त्यांच्या सुपरवायझरला नंतर गाठलं तर तो म्हणते, ताई ते टॉवरला लागते, दोन मजल्याला त्याची काय गरज. अरे बापा, 1854 मध्ये न्यूयॉर्कला लिफ्टचा सेफ्टी ब्रेक बनवणाऱ्या एलिशा ओटिसनं लोकांसमोर वर उभं राहून स्वतःच्या लिफ्टचा दोर कापायला लावला अन पाळणा खाली पडला नाही, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे, अन तुम्ही आज पैसे घेऊन ती गाळता! दोन मजल्यावरून पडलेलं म्हातारं माणूस वाचते का?

अन मिस्त्री म्हणे रोप तुटायची घटना क्वचितच होते ताई, जास्त धोका दरवाज्याचा. केबिन त्या मजल्यावर नसली तर बाहेरचा दरवाजा उघडायलाच नको अन कोणताही दरवाजा उघडा असला तर लिफ्ट हलायलाच नको, त्यासाठी लॉक अन त्यात दरवाजा बंद झाला की करंट जोडणारा कॉन्टॅक्ट असते. आमच्या पहिल्या मजल्याच्या दरवाज्यात बोटभर लाल वायर पिळून तो कॉन्टॅक्ट जोडून टाकलेला, म्हणजे दरवाजा उघडा असला तरी लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरला तो बंदच वाटणार. लॉकचा आकडाही घासलेला, त्यानं हातानं ढकललं तर दरवाजा सरकला अन समोर सरळ खड्डा. माझी पोरगी पाच वर्षांची आहे, ती त्याच दरवाज्यापाशी खेळते. तेव्हापासून मेन स्विच काढून ठेवला अन दरवाज्यांना आडव्या लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या.

परवान्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात 1939 पासून लिफ्टचा कायदा आहे अन आता 2017 चा नवीन कायदा आहे, बसवायच्या आधी परवानगी, बसवल्यावर तपासणी, मग चालवायचा परवाना. मी कागद घेऊन विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात गेली तर त्या नंबरचा परवाना रेकॉर्डलाच नाही. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे दोन्ही कोणालाही तपासता येते, जीएसटीचं तर घरबसल्या मोबाईलवर होते.

पक्कं बिल त्यांनी दिलंच नाही, पैसे एका माणसाच्या खात्यात घेतले. पण कोटेशन, बँकेच्या एंट्र्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं अन मिस्त्रीचा लेखी रिपोर्ट लावून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला चकरा मारायची गरज नाही, वकीलही लावायलाच पाहिजे असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत टाका. पाच ते दहा लाखाच्या खरेदीला फी 200 रुपये आहे. आधी नुसतं विचारायचं असलं तर ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर फोन लावा. शिक्का मारलेल्या कागदासाठी पोलिसात वेगळी तक्रार दिली आहे. निकाल लागायचा आहे, तोवर पार्टीचं नाव इथं टाकत नाही.

ज्यांच्याकडं नवीन लिफ्ट बसली आहे त्यांनी शेवटचे पैसे द्यायच्या आधी दुसऱ्या मिस्त्रीला बोलवा, बसवणाऱ्याचाच माणूस नको. रिकामी केबिन दोन मजल्यांच्या मधात असताना मेन बंद करून पाहायला लावा, ती जवळच्या मजल्यावर जाऊन उघडते का. केबिनच्या फ्रेमला सेफ्टी गिअर कुठं आहे ते टॉर्च मारून दाखवायला लावा, गव्हर्नर हातानं अडकवून केबिन थांबते का तेही त्यालाच करू द्या, स्वतः खड्ड्यात उतरू नका. अन दिग्रस, पुसद, कारंजा इकडं कोणाकडं हिरव्या रंगाची, प्लेट घासलेली मशीन असली तर आजपासून लिफ्ट बंद ठेवा अन मला फोटो पाठवा, आमचा मिस्त्री पाहून द्यायला तयार आहे.