काउच टू फाइव्ह के : चव्वेचाळिसाव्या वर्षी पळायला शिकवणारा फुकटचा प्लॅन (मोठा रिव्ह्यू आहे, चहा घेऊन बसा)

आधी सांगून टाकते, हा कुठल्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू नाहीये, प्लॅनचा आहे. प्ले स्टोअरवर काउच टू फाइव्ह के (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत) किंवा सी टू फाइव्ह के टाकलं की ढीगभर अ‍ॅप्स येतात, रंग वेगळे, आवाज वेगळे, पण आतला माल जवळपास तोच. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दरवेळी साधारण अर्धा तास, आणि शेवटी माणूस न थांबता अर्धा तास पळायला लागतो असं त्यांचं म्हणणं. मी केला आणि पूर्ण केला, नऊ आठवड्यांत नाही झाला ते सोडा, पण झाला. माझी क्वालिफिकेशन म्हणाल तर वय चव्वेचाळीस, नाशिकच्या सातपूरला कंपनीत अकाउंट्सचं काम म्हणजे दिवसभर खुर्ची, आणि शाळेत लंगडीत सगळ्यात आधी बाद होणारी मुलगी मीच.

पहिल्या दिवशी काय असतं तर पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, हेच आलटून पालटून वीस मिनिटं, आणि शेवटी पाच मिनिटं हळू चालून घरी. आमच्याकडे हे वाचून सगळे हसले, एक मिनिट पळायला काय प्लॅन लागतो का, तेवढं तर रिक्षा पकडायला पळतो आपण. पळून बघा. वीस मिनिटांत तो ६० सेकंदांचा राउंड आठ वेळा येतो आणि पाचव्या-सहाव्यापासून ते मिनिट काही संपत नाही.

पण मला हा प्लॅन आवडला तो वेगळ्याच कारणासाठी, तो तुम्हाला थांबवतो. आपल्याकडे व्यायाम सुरू करायचा म्हणजे एक तारखेला उत्साह, पहिल्याच दिवशी मैदानाला जमेल तेवढ्या चकरा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरायची, तिसऱ्या दिवशी "आज राहू दे" आणि चौथ्या दिवशी बुटात कोळी. जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत, नावं नको घ्यायला. इथे पहिल्या आठवड्यात अंगात जोर असला तरी ६० सेकंद झाले की चालायचं म्हणजे चालायचं. त्यामुळे घरी येताना थोडी शिल्लक राहते अंगात आणि परवा परत जायचंय म्हटल्यावर पोटात गोळा येत नाही. आणि दुसरं म्हणजे सकाळी उठून विचार करायला काही ठेवलेलंच नाही. आज किती पळायचं, झेपेल का, थोडं कमी केलं तर चालेल का, या सगळ्या वाटाघाटी पांघरुणात होतात आणि तिथेच आपण हरतो, इथे लिहिलेलं असतं आज ९० सेकंद पळ, दोन मिनिटं चाल, झालं, आपण फक्त नाडी बांधायची.

प्लॅनची जन्मकथा पण छान आहे. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये तो बनवला, डोळ्यासमोर त्याची पन्नाशीतली आई होती, तिला सोफ्यावरून उठवून पळायला लावायचं होतं. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, तो उचलला, आधी पॉडकास्ट काढले मग फुकट अ‍ॅप. म्हणजे ट्रॅकवर छाती काढून पळणाऱ्या पोरांसाठी हा मुळात नाहीच आहे, आपल्यासारख्यांसाठीच आहे, हे मला आधी माहीत असतं तर जरा कमी लाजत गेले असते.

आता आठवडे थोडक्यात. दुसऱ्यात ९० सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात पहिल्यांदा सलग तीन मिनिटं येतात. चौथ्यात तीन आणि पाच मिनिटांचे राउंड, हा आठवडा मला सगळ्यात जड गेला, मी तो परत केला आणि मग परत केला, कोणी विचारायला येत नाही. आणि मग येतो पाचवा आठवडा, ज्याच्यावर सगळे पळणारे तासभर बोलू शकतात. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, दुसऱ्या दिवशी आठ-आठचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी थेट वीस मिनिटं. मध्ये चालणं नाही, काही नाही, सलग वीस. मी ते आदल्या रात्री वाचलं आणि नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला टायपो असेल. टायपो नाहीये. आणि गंमत म्हणजे जमतं! कारण आठ मिनिटं पळून जो दम स्थिर झालेला असतो तोच पुढे चालू राहतो, खरा त्रास पहिल्या सहा-सात मिनिटांचा असतो, त्यानंतर शरीर गपगुमान मान्य करतं की ही बाई काही थांबत नाही. त्या दिवशी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी एकटीच हसत चालत होते, एका काकांनी विचारलं पण काय झालं म्हणून, मी म्हणलं वीस मिनिटं, ते म्हणाले वा वा, त्यांना काय कळलं देव जाणे.

सहाव्या आठवड्यात परत थोडे तुकडे आहेत, पाच-आठ-पाच आणि मग दहा-दहा, आणि वीस मिनिटं पळून आलेल्याला ते सोपे वाटायला पाहिजेत पण वाटत नाहीत, का ते कोणी सांगत नाही, माझ्यासारख्या बऱ्याच जणी तिथेच अडकतात. मला वाटतं मोठा डोंगर चढून झाल्यावर छोट्या टेकडीकडे आपण नीट बघतच नाही. सातव्यापासून चालणं बंद, २५ मिनिटं, मग २८, मग ३०. हे शेवटचे आठवडे कंटाळवाणे आहेत हो, खोटं कशाला बोलू. रोज तेच. इथे गाणी लावा, बातम्या लावा, कीर्तन लावा, काहीही.

एक गोष्ट जी प्लॅनमध्ये मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होती ती म्हणजे हळू पळा. हळू म्हणजे किती, तर पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, "आज भाजीला काय करू" एवढं धापा न टाकता म्हणता आलं म्हणजे स्पीड बरोबर. शेजारून झपझप चालणारी मावशी पुढे निघून गेली तर जाऊ द्या. ट्रॅकवर बघते ना मी, नवीन पोरं येतात, ६० सेकंद म्हणजे शंभर मीटरची रेस समजून सुटतात, चौथ्या राउंडला कंबरेवर हात आणि परत दिसत नाहीत. आणि सुट्टीचा दिवस म्हणजे सुट्टीच, दोन दिवस लागोपाठ पळायचं नाही. याला कारण आहे, दम लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध यांना तयार व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते चल आणि नडगी म्हणते नको. नडगी दुखायला लागली तर गपचूप चार-सहा दिवस थांबायचं, बाम चोळून पळायचं नाही. बीपी, हार्ट, शुगर, गुडघे असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी आईसारखं सांगतेय असं समजा.

खर्चाचं बोलू. प्लॅन फुकट आहे, कागदावर उतरवून फ्रीजला लावला तरी चालतो, आमच्याकडे तसाच होता आणि झालेल्या दिवसावर लाल पेनाने फुली, त्या फुलीसाठी मी एकदा निफाडच्या बाजूने गार वारं सुटलेलं असताना पण गेलेय. बूट मात्र घ्या, कापडी चपटे नाही, पळायचे. दोन-अडीच हजारांत चांगले मिळतात, त्यापुढचे पैसे सध्या नको. बूट घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. बायकांसाठी एक, चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची आहे, दुकानात विचारायला लाजायचं नाही, मी पहिले काही दिवस ओढणी बांधून काय काय प्रकार केले ते सांगत नाही.

अ‍ॅपच्या बाबतीत सावध राहा. मी जे पहिलं घेतलं त्याचं नाव घेत नाही, पण सात दिवस फुकट म्हणून कार्ड जोडायला लावलं आणि आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले, मेल केला तर मशीनचं उत्तर. तर ट्रायल सुरू केली की त्याच मिनिटाला प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करून टाका, बहुतेक वेळा उरलेले दिवस वापरता येतातच. शिवाय त्यातली बाई दर दोन मिनिटांनी "ग्रेट जॉब, यू आर अ‍ॅमेझिंग" करायची, मला सकाळी सव्वासहाला कोणी एवढं कौतुक केलेलं सोसत नाही. शेवटी मी फुकटचा इंटरव्हल टायमर (पळायची-चालायची वेळ झाली की आवाज देणारं अ‍ॅप) टाकला आणि लेकीने तिच्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं, "आई पळ", "आई चाल" आणि अर्ध्यावर "आई डबा राहिलाय". हे शेवटचं तिने स्वतःच्या मनाने घातलंय. सगळ्या पेड अ‍ॅपपेक्षा भारी.

खंड पडतो, त्याबद्दल पण लिहिते कारण रिव्ह्यूमध्ये लोक हे लिहीत नाहीत. मार्च एंडिंगला आम्ही अकाउंट्सवाले माणसात नसतो. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग लग्नसराई. माझा नियम असा की आठवडाभर गॅप पडला तर प्लॅनमध्ये एक आठवडा मागे जायचं, त्याहून जास्त पडला तर दोन आठवडे मागे, पण पहिल्यापासून सुरू करायचं नाही. पहिल्यापासून सुरू करणं हे दिसायला शिस्तीचं दिसतं पण तो सोडून द्यायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे, कारण परत परत तेच ६० सेकंद करायला कोणाला मजा येणारे.

आता तक्रार. नावात फाइव्ह के आहे आणि शेवटी मिळतात ३० मिनिटं. अर्ध्या तासात पाच किलोमीटर व्हायचे तर प्रत्येक किलोमीटर सहा मिनिटांत पळावा लागतो, म्हणजे ताशी दहाचा वेग, माझ्या वयाच्या नवशिक्या बाईला तो कुठून यायचा. माझा तो शेवटचा अर्धा तास पाच किलोमीटरच्या बराच अलीकडे संपला. मग मी पुढे आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत गेले आणि पाच किलोमीटर पूर्ण केले, पण हे प्लॅनने सांगायला पाहिजे होतं, नववा आठवडा संपवून घड्याळात साडेतीन-चार किलोमीटर बघितल्यावर काही लोक नापास झाल्यासारखं तोंड करतात. नापास बिपास काही नाही.

दुसरी गोष्ट, वजन. जो भेटेल तो विचारतो किती कमी झालं. फार नाही. ढोबळ हिशोब असा की एक किलोमीटर पळायला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे ६५ किलोच्या बाईने पाच किलोमीटर पळले तर सव्वातीनशे. रविवारी पळून झाल्यावर आमचा ग्रुप जातो मिसळ खायला, वर तर्री, जास्तीचे दोन पाव आणि शेवटी जिलेबी, बाकीचं गणित तुम्हीच करा, अकाउंट्सवालीला नका करायला लावू. जिने चढताना दम लागत नाही, झोप गाढ लागते, चिडचिड कमी झालीये असं घरच्यांचं मत आहे, एवढं मी छातीठोक सांगते. वजनासाठी करणार असाल तर जेवणाकडे बघा, प्लॅनला दोष देऊ नका.

लोकांचं म्हणाल तर नाशिकमध्ये बाई पळताना दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कविता राऊत आपल्याच जिल्ह्याच्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणलंय तिने, त्यामुळे ट्रॅकवरचे जुने लोक पळणाऱ्या बायकांकडे जरा आदरानेच बघतात, आमचा स्पीड बघेपर्यंत तरी.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या नावासाठी कापला. सुरू करायचा असेल तर आपल्याकडे दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात बरा, थंडी असते, घाम कमी, पण जानेवारीत सात वाजेपर्यंत अंधार असतो तर उजेड असलेला ट्रॅक बघा. पावसाळ्यात सुरू करणार असाल तर बुटांचा दुसरा जोड किंवा निदान वर्तमानपत्रं भरपूर ठेवा, ओले बूट रात्रभर त्याने भरून ठेवले की सकाळी बऱ्यापैकी कोरडे मिळतात. आणि टायमर कसा सेट करायचा ते बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून, पहिल्या आठवड्यासाठी वॉर्मअप पाच मिनिटं, वर्क ६०, रेस्ट ९०, राउंड आठ, कूलडाउन पाच, सेव्ह करा, फोन कमरेच्या पाऊचमध्ये, हातात धरून पळू नका, खांदा दुखतो.