बर्फ कधीतरीच पडत असेल तर ऑल-वेदर टायर की विंटर?

हिवाळा सौम्य आणि बर्फ वर्षातून दोन-चार दिवसच असेल तर माझं मत सरळ ऑल-वेदरला, म्हणजे वर्षभर न बदलता चालणाऱ्या टायरला. फक्त साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण हे चिन्ह हवंच, ते बर्फावर टेस्ट झाल्याशिवाय मिळत नाही, नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) मात्र कंपनी स्वतःच छापू शकते, त्याच्या भरवशावर राहू नका.

विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि ट्रेडवरच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावरच्या) बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, त्यामुळे दाबल्या गेलेल्या बर्फावर ब्रेकिंगला तोच पुढे, यात वादच नाही. पण पारा ७ अंशांच्या बराच वर राहिला की तेच मऊ रबर भराभर झिजतं, कोरड्या रस्त्यावर गाडी उशिरा थांबते, वर वर्षातून दोनदा टायर बदला आणि दुसरा सेट ठेवायला जागा शोधा.

रोज पहाटे चढ-उताराच्या रस्त्याने जावंच लागतं, सुट्टी घेता येत नाही, असं असेल तर विंटरच घ्या. काहीही घ्या पण चारही सारखेच, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी, ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. आणि ट्रेड ४ मिमीच्या खाली गेला की बर्फातली पकड खूप कमी होते, तेवढं मोजत राहा.